डोळे सोडून

बशीर,

नानानं ढाब्यावर तुझा फ्लेक्स लावलाय. भिगवणला हायवेवरून येणाऱ्याला मासळीच्या बोर्डाआधी तूच दिसतोस. फोटोत तू हसतोयस, तुझ्या मागं आपला डायनासोर उभा आहे, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि तुझ्या नावाखाली लाल अक्षरांत 'डायनासोरचे जनक'.

जनक! अरे, तू जनक, मग मी कोण? सुईण?

बारा दिवस झाले तुला जाऊन आणि मी बोलायला सुरुवात ही अशी करतोय. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. पण तुझ्याबद्दल चांगलं बोलणारे एवढे निघाले की माझा नंबरच लागला नाही. मयतीला तुझं सगळं कन्हेरी गाव लोटलं होतं. बारामतीतले चिकनवाले दुकानं बंद ठेवून आले होते, गॅरेजची पोरं आली होती, ज्यांच्या लेकरांनी आपल्या डायनासोरच्या पायाशी फोटो काढले अशी भिगवणची माणसं आली होती. मी मागं उभा राहून गर्दी बघत होतो आणि मनात आलं, माझ्या वेळेला एवढी येतील का? लाज वाटली, पण आलं खरं. मग माती द्यायची पाळी आली. कुंभाराचा पोरगा मी, जन्म गेला माती कालवण्यात. तुझ्यावर तीन मुठी टाकताना मात्र तिसरी मूठ निम्मी माझ्याच पायावर पडली.

आपल्या दोघांत कलाकार मी होतो, हे आधी कबूल कर. चित्रकलेच्या एलिमेंटरीला मला ए ग्रेड, इंटरमिजिएटला परत ए ग्रेड. तू परीक्षेलाच बसला नाहीस, कारण अब्बांच्या दुकानात गर्दी असायची आणि तुला कोंबड्या सोलायला बसावं लागायचं. पुढं मी गणपतीच्या मूर्ती करायला लागलो. तू दुकान भावाकडं दिलंस आणि बसच्या बॉड्या बांधणाऱ्या गॅरेजात फायबरचं काम शिकलास. चित्राच्या नावानं तुझा आनंदच होता. आंबा काढायला सांगितला तर वांगं दिसायचं. पण कोंबडीचा पाय मात्र न बघता काढायचास, सांधा न् सांधा, नख न् नख. मी हसायचो. चिकनवाल्याला दुसरं काय येणार, म्हणायचो.

मग डायनासोरचं खूळ आलं. आधी हिंदीत बोलणारे सिनेमे आले, मग जत्रेत प्लास्टिकचे हिरवे डायनासोर, मग पोरांच्या बनियनवर, मग वाढदिवसाच्या केकवर. आता तर हळदीत हवा भरलेला डायनासोर अंगात घालून नवरदेवाचा मित्र नाचतो आणि म्हाताऱ्या बायका त्यालाही हळद लावतात. पण आपल्याकडं त्याला डायनासोर कोण म्हणतं? डायनासुर म्हणतात. सगळा घोळ तिथंच झाला. बारामतीच्या एका मंडळानं देखाव्यासाठी मला डायनासुर करायला सांगितला, तेव्हा मी फार विचारच केला नाही. नावातच असुर आहे म्हटल्यावर मी असुर केला. मोठे सुळे, बाहेर आलेली लाल जीभ, वटारलेले डोळे, सुटलेलं पोट आणि शेपूट जमिनीवर टाकून ताठ उभा. मिशा तेवढ्या काढायच्या राहिल्या होत्या.

तू बघायला आलास, भोवतीनं एक फेरी मारलीस आणि म्हणालास, "दत्तू, ह्यो उभा ऱ्हायचा न्हाय. मागं पडंल."

तू तुझ्या कोंबड्या बघ, असं मी तोंडावर म्हणालो. तिसऱ्या दिवशी आरती चालू असताना माझा असुर हळूहळू मागं कलला आणि पडद्याला पाठ टेकून बसला, पंगतीत जास्त जेवलेल्या पाहुण्यासारखा. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात, ते हेच. लोक आरती सोडून हसत होते. तूच पळत आलास, मागून बांबूचा टेकू दिलास आणि विसर्जनापर्यंत कुणाजवळ एक शब्द काढला नाहीस. मला तेच जास्त झोंबलं. चारचौघांत चार शिव्या दिल्या असत्यास तर मी तुला तेव्हाच माफ केलं असतं.

भिगवणचं काम माझ्याकडं आलं होतं. तुझ्याकडं नाही, माझ्याकडं. ढाब्याचा मालक नाना माझ्या शेडवर आला, म्हणाला, उजनीचे मासे खायला मोठी माणसं थांबतात, पण लेकरं गाडीतून उतरत नाहीत. दारात एक डायनासुर करा, बारा फूट उंच. एवढं मोठं फायबरचं काम मला येत नव्हतं, म्हणून मी तुला बरोबर घेतला. मी तुला घेतला, हे फ्लेक्सवर कुठं आहे?

दोघांनी दोन नमुने केले. मी मातीचा असुर केला, ह्या वेळी शेपूट जाड ठेवलं. तू तारेचा सांगाडा करून त्यावर प्लास्टर चढवून आणलंस. तुझ्या जनावराची पाठ आडवी होती, मुंडकं पुढं, शेपूट मागं हवेत आणि सगळा भार मधल्या दोन पायांवर. अगदी कोंबडी चालते तशी. नानाच्या टेबलावर दोन्ही ठेवले. वेटर पाण्याचा जग आदळून गेला, टेबल हललं, माझा आडवा झाला आणि तुझा उभाच राहिला. नाना म्हणाला, हाच करा. एवढ्यावर निकाल. माझ्या दोन्ही ए ग्रेडचा निकाल एका वेटरनं लावला.

"ह्यो असुर न्हायच, दत्तू," तू मला समजावत होतास. "ह्यो कोंबड्याचा पणजा हाय."

मी म्हणालो, मोठमोठ्या शास्त्रज्ञांना कळलं नाही ते चिकनवाल्याला कळलं होय? तर तू म्हणालास, त्यांनाही कळलंय, माझ्याआधी कळलंय. पोरीच्या मोबाइलवर तू सगळं बघून ठेवलं होतंस. पोकळ हाडं, तीन बोटांचा पाय, छातीपुढचं ते दोन फाट्यांचं, दुबेळक्याचं हाड. हे हाड मी दुकानात रोज बघायचो, म्हणालास. दोन पायांवर चालणारे ते मांस खाणारे डायनासोर काही सगळे मेले नाहीत, काही बारीक झाले आणि आपल्या खुराड्यात येऊन बसले, असं तुझं म्हणणं होतं. मी म्हटलं, मग तू जन्मभर डायनासोरच कापलेस की. तू खो खो हसलास आणि पुढं ते वाक्य सगळ्यांना स्वतःचं म्हणून सांगत सुटलास. ते वाक्यही माझं होतं, बशीर.

सळया जोडल्यास, त्यावर जाळी ठोकलीस. बांधकामवाले तिला चिकन जाळीच म्हणतात, त्यावरून आठवडाभर तुझं चालू होतं की बघ, नशिबानं माझ्याच हातात कशी आली. वाद तर रोजचा होता. मी म्हणायचो रंग हिरवा. तू म्हणायचास कुणी बघितलाय? मी म्हणायचो तोंड उघडून गर्जना करत असणार. तू म्हणायचास छे, तोंड मिटून घुमत असंल, खुडूक कोंबडीजवळ हात नेला की ती आतल्या आत करते तसं, फक्त ट्रकएवढं मोठं. आवाजाचा तो वाद मिटलाच नाही. आता मिटायचाही नाही.

मग गणपतीचा हंगाम आला आणि मी दोन महिने बारामतीत अडकलो. परत भिगवणला आलो तर तू मानेपासून शेपटीपर्यंत पिसं लावून मोकळा झाला होतास. फायबरची मॅट कातरून, चिकट रेझिनमध्ये बुडवून, एकेक पीस अंगठ्यानं दाबून बसवलेलं. आणि रंग कुणाचा, तर तुझ्या घरच्या कोंबड्याचा, ज्याला तू हेडमास्तर म्हणायचास त्याचा. तांबूस मान, काळंनिळं शेपूट. एसटीतली माणसं खिडकीतून मुंडकी काढून बघत होती. मी खाली उभा राहून वर बघितलं आणि माझ्या पोटात असं काही दुखलं की नानाला सोडा मागावा लागला. कारण ते चांगलं होतं. वाईट असतं तर मी तुझं तोंड भरून कौतुक केलं असतं.

डोळे मात्र तू माझ्यासाठी ठेवले होतेस. "आखणी तुझी," म्हणालास. आमच्या कुंभारांत मूर्तीचे डोळे रेखण्याला आखणी म्हणतात, हे तुला शाळेपासून माहीत. मूर्ती घरातलं कुणीही घडवतं, पण आखणीला जाणता हात लागतो. तेवढा मान तू ठेवलास. मला वाटलं, चला, निदान डोळे तरी असुराचे काढू. पांढरे, वटारलेले, कोपऱ्यात लाल. म्हणजे तुझी सगळी पिसं एका बाजूला आणि माझी नजर एका बाजूला. शिडीच्या घोडीवर चढलो, ब्रश भिजवला आणि तासभर नुसता बसून राहिलो. त्या तोंडावर असुराचा डोळा बसेना.

आता तुला एक सांगतो, जे नऊ वर्षं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तू भिगवणला असताना मी भरदुपारी कन्हेरीला तुझ्या घरी गेलो. ड्रिल परत करायला आलोय असं भाभींना सांगितलं आणि खुराड्यापुढं बसलो. लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हेडमास्तरचा डोळा काढला. कोंबड्याच्या डोळ्यात पांढरं दिसतच नाही, मधे काळा ठिपका आणि भोवती भगवं कडं. तो समोरून बघत नाही. मान तिरकी करून एका डोळ्यानं बघतो, आणि असं बघतो की आपणच काहीतरी चुकलोय असं वाटावं. तेच डोळे मी आपल्या डायनासोरला काढले. खाली उतरलो आणि तुला म्हणालो, झाले बघ असुराचे डोळे. तू वर बघितलंस, बराच वेळ बघितलंस, आणि म्हणालास, "व्हय. असुराचंच हायेत."

त्या थंडीत रोहित पक्षी बघायला पुण्याहून माणसं आली. त्यातली गळ्यात दुर्बीण अडकवलेली एक बाई मासे खायला थांबली आणि ताट सोडून उठली. पिसांसकट थेरोपॉड, इथं, हायवेवर, म्हणत तिनं तुझे दोन्ही हात हातात घेतले. थेरोपॉड म्हणजे दोन पायांवर चालणारे, मांस खाणारे हे सगळे, असं तिनंच आपल्याला सांगितलं. ती हेही म्हणाली की एवढ्या मोठ्याला पिसं होती की नाही यावर अजून एकमत नाही, त्याच्या लहान भाऊबंदांना मात्र नक्की होती. मी त्यातलं पहिलं तेवढं लक्षात ठेवलं. मग ती म्हणाली, आणि डोळे काय काढलेत तुम्ही! हे ती तुला म्हणाली. तू लगेच माझ्याकडं बोट केलंस, डोळे ह्यांचे आहेत म्हणालास, पण तोवर ती पुन्हा पिसांकडं वळली होती. पेपरात फोटो आला तो तुझा एकट्याचा. मी तो अंक विकत घेतला नाही. सलूनमध्ये बसून दोनदा वाचला.

तेव्हापासून तू आपल्या दोघांना थेरडोपॉड म्हणायला लागलास. दोन पायांवर चालणारे, मटण खाणारे दोन थेरडे. फोन उचलला की, "काय थेरडोपॉड, ज्येवला का?" मला राग यायचा. परवा फोन वाजला तर उचलायच्या आधी मी हसलो होतो. मोबाइल कंपनीचा होता.

तुला जाऊन आठ दिवस झाले आणि नाना माझ्याकडं आला. त्याच्या समोर आता दुसरा ढाबा झालाय. तिथं तयार आणलेला हिरवागार डायनासोर आहे, तोंड उघडतो, सिंहासारखा ओरडतो, दातांवर रक्त. पोरं रस्ता ओलांडून तिकडं जातात. नाना म्हणाला, पिसं घासून काढा, हिरवा रंग मारा, सुळे लावा, चांगला असुर करा. "आता बशीरभाई न्हायती. तुमच्या मनात व्हतं तसं करा. खाली तुमचं नाव टाकू."

मी हो म्हणालो. विचार करतो असंसुद्धा म्हणालो नाही. आयत्या बिळावर नागोबा कसा सरसावून बसतो, तसा बसलो. माझा असुर, हायवेवर, खाली माझं नाव. एवढी वर्षं मी ह्याचीच तर वाट बघत होतो, आणि त्यासाठी तू मरायला लागलास ह्याचं मला त्या घटकेला काहीच वाटलं नाही. हे तुला सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

आज सकाळी तुझी लोखंडी घोडी मागायला कन्हेरीला गेलो. भाभी इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावर चार महिने परक्या पुरुषापुढं येत नाहीत, म्हणून दाराआडून बोलल्या. घोडी कशाला, विचारलं. धुऊन जरा रंगाचा हात मारतो, मी खोटं बोललो. मग म्हणाल्या, रंग मारा, पण तेवढे डोळे तसेच ठेवा भावजी. ते हेडमास्तरचे आहेत.

तुम्हाला कसं कळलं, आणि बशीरला माहीत होतं का, मी विचारलं. मीच सांगितलं, भाभी म्हणाल्या. तुम्ही खुराड्यापुढं बसून पत्रिकेवर डोळा काढत होता, ते मी चुलीपुढून बघत होते. त्याच संध्याकाळी त्यांना सांगितलं.

म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी दर वेळी चारचौघांत असुराचे डोळे, असुराचे डोळे करत होतो आणि तू मान डोलवत होतास. मग तो मला बोलला का नाही, मी विचारलं.

"म्हणायचे, बोललो तर येडं वर चढून पुसून टाकंल," भाभी म्हणाल्या. पुढं म्हणाल्या, "आन् जळायचे तुमच्यावर. म्हणायचे, पिसं मी हजार चिकटवली, पर बघतंय त्ये दत्तूच्या डोळ्यांनं. मला ह्ये जल्मात जमायचं न्हाय."

घोडी टेम्पोत टाकली आणि तुझ्या दारातल्या कट्ट्यावर बसलो. खुराड्यात आता हेडमास्तरचा नातू की पणतू आहे, त्यानं मान तिरकी करून एका डोळ्यानं माझ्याकडं बघितलं. मला रडू आलं. भाभींना ऐकू जाऊ नये म्हणून तोंडात रुमाल कोंबून रडलो. मग हसू आलं. आणि मग तुझा असा राग आला की काय सांगू. अरे हरामखोरा, तू जळत होतास? माझ्यावर? आणि नऊ वर्षं कळू दिलं नाहीस? एकदा, एकदाच म्हणाला असतास, दत्तू, मला जळायला होतं रे, तर मी किती सुखात जगलो असतो! तुझ्या पिसांचंसुद्धा कौतुक केलं असतं. तोंडावर केलं असतं. आता फ्लेक्सपुढं उभं राहून करायचं का?

तिथून भिगवणला गेलो. नाना ग्राइंडर घेऊन तयारच होता. मी म्हटलं, पिसं निघणार नाहीत. का, म्हणाला. मी म्हटलं, हे डोळे कोंबड्याचे आहेत, असुराला चालायचे नाहीत. हे मी पहिल्यांदाच कुणापुढं तरी बोललो, बशीर, आणि तू ऐकायला नव्हतास. नाना म्हणाला, मग डोळे बदला. मी म्हटलं, डोळ्यांना मी हात लावू देणार नाही. तुमच्या मनासारखं करायला सांगितलं तर तुम्हीच अडून बसलाय, म्हणून तो चिडला. इंदापूरचा दुसरा माणूस आणतो म्हणाला. आण म्हटलं, मी घोडीवरून उतरत नाही. शेवटी दिवाळीपर्यंत राहू दे, मग बघू, यावर गाडी थांबली. दिवाळीनंतरही मी बघतोच कोण चढतंय.

दिवसभर पिसं धुतली. फुटली होती तिथं नवीन बसवायला गेलो, पण तुझा अंगठा माझ्यापेक्षा रुंद होता, तुझ्यासारखी दाबली जात नाहीत. माझी पिसं वेगळी दिसतात. जाणत्याला कळतील, बाकीच्यांना नाही. मानेवर तांबूस रंगाचा एक हात मारला. डोळ्यांवरची धूळ तेवढी ओल्या फडक्यानं पुसली.

उतरलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं, रंगाचा डबा उघडा होता आणि तुझा फ्लेक्स समोरच होता. घोडी तिथं नेऊन लावली. फ्लेक्सवर ऑइलपेंट नीट धरत नाही, पण मी धरायला लावला. 'डायनासोरचे जनक' ह्या अक्षरांना हात लावला नाही. राहू दे, आहेस तू जनक. फक्त त्याच्या खाली कंसात, माझ्या ए ग्रेडच्या अक्षरांत, बारीक लिहिलं: डोळे सोडून.